मावशींची कोंबडी का बसली?

आमचा संध्याकाळचा वर्ग सात वाजता भरतो. गाव चांदूर बाजारापासून फार लांब नाही. वर्गात बहुतेक बायाच. दिवसभर निंदण, वेचणी, नाहीतर संत्र्यांची तोड. मग घरचा सैपाक. त्यातून वेळ काढून त्या पाटी घेऊन येतात. आम्ही शिकवतो म्हणायचे, पण पुष्कळदा आम्हीच शिकून घरी जातो. हा धडा तसाच एका दिवसाचा आहे.

होळीला आठ-दहा दिवस होते. वर्गातल्या एक मावशी कधी उशिरा येत नाहीत. त्या दिवशी अर्धा तास उशिरा आल्या. पाटी आणली नव्हती.

"मावशी, उशीर काऊन झाला?" एकीने विचारले.

"माही कोंबडी बसली वो. तीन दिवस झाले, दाना टिपत नाई. मान पोटात घालून बसून राह्यली."

सगळ्या गप्प झाल्या. कोंबडी बसली म्हणजे काय, हे तिथे प्रत्येकीला ठाऊक होते. मावशींकडे सात कोंबड्या आणि एक कोंबडा. अंड्यांच्या पैशातून तेलमीठ येते. नातवाची वही येते. पावसाळ्यात हाताला काम नसले की त्याच पैशावर चूल पेटते. एक कोंबडी गेली तर एकवेळ चालेल. पण मानमोडी आली तर आठही जातात, आणि शेजाऱ्यांच्याही जातात.

मावशींच्या शेजारचे एक भाऊ दाराशी उभे होते. ते म्हणाले, "काकू, इचार कायचा करता? बाजाराच्या दिवशी इकून टाका. मेल्यावर कोन घेते?"

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांच्याही मनात तेच असावे. आमच्याही लक्षात आले की आज बाराखडी होणार नाही. आम्ही खडू खाली ठेवला आणि म्हणालो, चला, आधी कोंबडीला काय झाले ते पाहू. विकायचे की नाही ते मग ठरवू.

आजारी कोंबडी बाजारात नेऊ नये, हे आम्ही भाऊंना तिथेच सांगितले. त्यात रागावण्यासारखे काही नाही. गरिबाला नुकसान सोसवत नाही, म्हणून तो विकतो. पण मानमोडी गावोगाव जाते ती याच वाटेने. बाजारात दहा गावच्या कोंबड्या एका जागी पाय बांधून पडलेल्या असतात. एकीच्या शिटेतून, नाकातोंडाच्या पाण्यातून रोग दुसरीला लागतो. दुसरी घरी जाते. पाच-सहा दिवस ती चांगली दिसते. मग तीही बसते, आणि तिच्याबरोबर अख्खे खुराडे बसते.

मानमोडीला पुस्तकात राणीखेत म्हणतात. हे नाव एका गावाचे आहे. राणीखेत हे हिमालयाच्या अंगाला, कुमाऊँ भागात आहे. १९२६ साली हा रोग जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावी ओळखला गेला. थोड्याच काळात तो आपल्याकडे राणीखेतला दिसला. त्याच डोंगरात जवळच मुक्तेश्वर येथे जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी रोग तपासला आणि नाव पडले. गंमत अशी की ही प्रयोगशाळा मुळात १८८९ साली आपल्या पुण्यात निघाली होती. पुढे १८९३ साली ती मुक्तेश्वरला नेली. पुढे मानमोडीची लसही तिथे तयार झाली. खेड्यात कोंबडीला आज जी टोचतात तिला अजून मुक्तेश्वरची लस म्हणतात.

हे सांगून झाले, आणि मग आम्ही सगळ्या मावशींच्या अंगणात गेलो.

कोंबडी तुळशीवृंदावनाच्या मागे बसली होती. पिसे फुललेली. डोळे अर्धे मिटलेले. एक पोरगी पटकन तिला उचलायला गेली. आम्ही तिला थांबवले. आजारी जनावराला आधी लांबून पाहावे. हात लावला की ते घाबरते, मान ताठ करते, आणि आहे त्यापेक्षा बरे दिसते. कोंबडी तर फार लपवणारी जात. दुबळी दिसली तर बाकीच्या टोचतात, म्हणून ती शेवटपर्यंत आव आणते. ती उघड्यावर बसलेली दिसली, म्हणजे दुखणे आजचे नाही, पुष्कळ दिवसांचे आहे, असे समजावे.

"खुडूक तर नोहे?" एका आजींनी विचारले.

प्रश्न बरोबर होता. खुडूक कोंबडीही फुलून बसते, दाणा कमी खाते, अंडी देत नाही. नवशिका माणूस तिलाच आजारी समजतो. पण खुडूक कोंबडीजवळ हात नेला की ती कुरकुरते, चोच मारते. तिचे डोळे लख्ख उघडे असतात. दिवसातून एकदा उठते, खाते, पाणी पिते, मोठी शीट टाकते, आणि पळत अंड्यांवर परत येते. ही कोंबडी चोच मारत नव्हती.

तेव्हा मावशी म्हणाल्या, "खुडूकच होती. अकरा अंड्यांवर बसवली होती. चौदा दिवस बसली. परवा अंडी सोडून उठली ते उठलीच."

एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात. खुडूक कोंबडी चौदाव्या दिवशी अंडी सोडत नाही. पाऊस आला, कुत्रे आले तरी सोडत नाही. म्हणजे तिला बसवेनासे झाले होते. ही खूण आम्ही मनात ठेवली. तेव्हा तिचा अर्थ आम्हाला कळला नव्हता, हे कबूल करतो.

मग बाकीच्या कोंबड्या पाहिल्या. एकच कोंबडी आजारी आहे की अनेक, हे सगळ्यांत आधी विचारावे. मानमोडी एकीवर थांबत नाही. तीन दिवसांत दोन-चार तरी बसल्या असत्या. एखादीची मान पिळवटली असती, एखादी गोल फिरली असती, घशात घरघर वाजली असती. पांढरी-हिरवी पातळ हगवण अंगणभर दिसली असती. इथे बाकीच्या उकिरडा उकरत होत्या. महिनाभरात नवी कोंबडी विकत आणली होती का, पाहुण्याने आणली होती का, असेही विचारले. नव्हती.

"पन हिची शीट हिरवी हाये," भाऊ म्हणाले. त्यांनी बारीक पाहिले होते. पण नुसत्या हिरव्या शिटेवरून मानमोडी म्हणू नये. कोंबडी उपाशी राहिली की पोटात दाणा नसतो, नुसते पित्त उतरते, आणि शीट हिरवीच होते. लहान पिल्लांच्या शिटेत रक्त दिसले, तर मात्र ती रक्ती हगवण समजावी. ती ओल्या, घाणेरड्या जागेत होते, आणि तिच्यावर दवाखान्यात औषध मिळते.

काय खाल्ले, हेही विचारले. पेरणीच्या दिवसांत हा प्रश्न पहिला विचारावा. सोयाबीनच्या किंवा कपाशीच्या बियाण्याला औषध लावलेले असते. ते रंगीत दिसते. सांडलेले बी कोंबड्या टिपतात आणि तासाभरात पाय ताणून मरतात. पण हा होळीचा महिना, पेरणी कुठली? आणि विषबाधा तीन दिवस वाट पाहत नाही.

आता कोंबडी हातात घेतली. एकीने तिला हात लावून सांगितले, "ताप हाये वो, अंग तापलं." आम्हालाही पूर्वी असेच वाटे. कोंबडीचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असते. आपले ३७ अंश, तर तिचे ४१ ते ४२. निरोगी कोंबडीही आपल्या हाताला तापलेलीच लागते. हाताने ताप कळत नाही. तसेच उन्हाळ्याचे. आपल्या वऱ्हाडात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा चांगली कोंबडीसुद्धा चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकते. ती सावलीत, पाण्याजवळ ठेवली की संध्याकाळी बरी होते. पहाटेच्या गारव्यातही चोच उघडी असेल, तर ते दुखणे.

गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली. ती रिकामी होती. दगडासारखी कडक असती, तर चारा अडकला असे म्हटले असते. पोट मागच्या बाजूने चाचपले. अंडे अडलेले नव्हते. छातीचे हाड बोटाला सुरीसारखे लागले. म्हणजे मांस झडले होते. शेवटी तुरा पाहिला. तो पांढुरका, फिकट होता. एका पोरीने लगेच दुसरी कोंबडी धरून आणली. तिचाही तुरा फिकट. तिसरीचा तसाच. पण कोंबड्याचा तुरा लालबुंद, आणि बाकी तीन कोंबड्यांचाही लाल.

तुरा फिकट म्हणजे अंगात रक्त कमी. आजारीला धरून चार कोंबड्यांना रक्त कमी, आणि तिघींना व कोंबड्याला नाही. अंगण एक, दाणा एक, पाणी एक. मग फरक कशाचा?

येथे आम्ही अडलो. कोणी म्हणाले जंत. जंताने तुरा फिकट होतो, खरे आहे. पण मग सगळ्यांनाच व्हायला हवे. उत्तर मावशींनीच दिले, आणि तेही सहज. उशीर झाला होता, अंधार पडला होता. त्या म्हणाल्या, "त्या तीन तर आता खुराड्यात येतच नाईत. पंधरा रोज झाले, कोंबड्यासंगं निंबावर चढून बसतात. म्या म्हनलं मांजरीचं भेव असन."

आम्ही वर पाहिले. कडुनिंबाच्या फांदीवर तीन कोंबड्या आणि कोंबडा. त्याच चौघांचे तुरे लाल होते. खुराड्यात झोपणाऱ्या फिकट. आणि जी चौदा दिवस रात्रंदिवस खुराड्यात अंड्यांवर बसली, ती सगळ्यांत वाईट.

म्हणजे दुखणे कोंबडीत नव्हते. ते खुराड्यात होते.

"दाखवा खुराडं," आम्ही म्हणालो. मावशी म्हणाल्या, "सकायीच झाडलं, काई नाई त्यात." आम्ही म्हटले, दिवसा दिसायचे नाही, रात्री पाहू. दहा वाजता मोबाइलचा उजेड घेऊन चार-पाच जणी परत आल्या. खुराडे संत्र्यांच्या जुन्या पेट्यांच्या फळ्यांचे होते. वर तुराट्या, आणि तुराट्यांना माती लिंपलेली. माती वाळून तडकली होती. फळ्यांच्या फटीवर उजेड धरला, आणि आमच्यातल्या एकीने तोंडावर हातच ठेवला. फटीतून टरबुजाच्या बीसारखे चपटे, मातकट किडे ओळीने बाहेर येत होते. काही फुगून निळसर झाले होते.

गोचीड. गाईम्हशीच्या अंगाला जो दिवसरात्र चिकटून राहतो, त्याचाच हा भाऊबंद, पण याची रीत चोराची. दिवसा फटीत लपतो. रात्री कोंबडी झोपली की बाहेर येतो, अर्धापाऊण तास रक्त पितो, आणि उजाडायच्या आत परत फटीत जातो. त्यामुळे सकाळी कोंबडीच्या अंगावर काही सापडत नाही. फक्त अगदी लहान पिल्लू-गोचीड काही दिवस अंगाला चिकटून राहते. आम्ही कोंबडीच्या पंखाखाली उजेड धरला. पिसांच्या बुडाशी मोहरीएवढे काळसर ठिपके होते, आणि भोवती कातडी लालनिळी झाली होती. खायला काही न मिळता हा किडा वर्षभराहून जास्त जगतो. म्हणून खुराडे दोन-चार महिने रिकामे ठेवून तो मरत नाही.

कोंबड्यांना हे कधीच कळले होते. त्या निंबावर गेल्या. सांगता येत नव्हते एवढेच. ज्या घरी कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला कुरकुर करतात, तिथे मांजरीच्या आधी फटी पाहाव्या.

भाऊ म्हणाले, "माह्याकडं कपाशीवरचं औषध हाये. पंपानं मारून देतो, एका रात्रीत साफ." आम्ही हात जोडले. कपाशीचे औषध कोंबडीवर, खुराड्यात किंवा घरात मारायचे नसते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विष अंगात जाऊन वीसहून जास्त माणसे गेली. मोकळ्या शेतात ही गत, तर कोंडलेल्या खुराड्यात काय होईल! आणि त्या कोंबडीचे अंडे नातू खाणार.

ठरले असे की मावशींनी सकाळी चांदूर बाजारच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जायचे. मावशी बिचकल्या. "तिथी सायबासमोर मले बोलता येनार नाई. काय काय पाह्यलं ते इसरून जाईन." तेव्हा वर्गातली सगळ्यांत लहान सून म्हणाली, "मग लिहून न्या की!"

रात्री साडेदहाला, ओट्यावर, नातवाच्या वहीचे पान फाडून मावशींनी लिहिले. आम्ही एक अक्षर सांगितले नाही. शुद्धलेखन आम्ही इथे नीट केले आहे, बाकी मजकूर त्यांचा:

कोंबड्या ७. कोंबडा १.
आजारी १. तीन दिवस खाल्लं नाही.
तुरा पांढरा ४.
मान सरळ. घरघर नाही.
नवी कोंबडी आणली नाही.
खुराड्यात गोचीड. रात्री दिसते.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि फार काही विचारले नाही. कोंबडीचे पंख उचलून पाहिले. त्यांनी सांगितले की हा गोचीड नुसते रक्त पीत नाही. त्याच्या चावण्याने रक्तात एक जंतू शिरतो, त्याने ताप येतो, पाय लुळे पडतात, आणि कोंबडी मरते. वेळेवर सुई दिली तर वाचते. त्यांनी सुई दिली. खुराड्यासाठी औषध दिले. ते पाण्यात किती घालायचे, किती दिवसांनी पुन्हा मारायचे, आणि तोवर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे मावशींनी त्याच कागदाच्या मागे लिहून घेतले. औषध पुन्हा मारावे लागते, कारण फटीतली अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत. ती मागून फुटतात.

मावशींनी फवारायचे काम अर्धे कमी केले. पेट्यांचे खुराडे मोडले आणि फळ्या-तुराट्या अंगणाबाहेर नेऊन जाळल्या. भिंतीच्या फटीत उकळते पाणी ओतले, मग फटी सिमेंटने बुजवून वर चुना दिला. नवे खुराडे लोखंडी जाळीचे, चार पायांवर. पायांखाली डबे, आणि डब्यांत पाण्यावर थोडे जळके तेल, म्हणजे गोचीड वर चढत नाही. हे भिंतीला टेकवायचे नाही. टेकवले तर डब्यांचा उपयोग शून्य.

अकरा अंडी मात्र गेली. ती पुरली. कोंबडी वाचली. तुऱ्याला रंग यायला तीन आठवडे लागले.

या वेळी मानमोडी नव्हती, पण पुढे येणार नाही असे नाही. उन्हाळ्याच्या तोंडी ती पुष्कळ गावांत येते, आणि आल्यावर तिला औषध नाही. लस आधी द्यावी लागते. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पुढे सहा ते आठ आठवड्यांनी मुक्तेश्वरची सुई. अडचण एकच. लशीची बाटली बहुधा शंभर कोंबड्यांची असते, बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून वर्गात हिशेब मांडला. नऊ घरांच्या कोंबड्या फळ्यावर लिहिल्या: ८, ५, १२, ९, ६, १४, १०, ७, ११. बेरीज बायांनी केली. ८२ आली. एक बाटली पुरली. पहाटे, खुराडी उघडायच्या आधी, एका दमात सगळ्यांना सुई झाली. बसलेल्या कोंबडीला लस देत नाहीत, म्हणून मावशींची ती एक मागे ठेवली.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. कोंबड्या एकाएकी, पटापट, एका दिवसात पुष्कळ मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर हा वर्गातला तपास करत बसू नये. हात लावू नये, कापू नये, खाऊ नये, नाल्यात टाकू नये. पोरांना दूर ठेवावे आणि लगेच दवाखान्यात किंवा १९६२ या नंबरावर कळवावे. बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी सुमारे ८०० कोंबड्या मेल्या, तोही हाच रोग निघाला. तो माणसालाही होऊ शकतो.

शेजारच्या भाऊंचे सांगायचे राहिले. त्यांचे खुराडेही संत्र्यांच्या पेट्यांचेच. त्या रात्री आमच्यादेखत ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी वर्ग सुटायच्या वेळी आले आणि दारातच उभे राहिले.

"काकू, तुमचा तो कागद द्या ना. मलेही सायबाकडं जा लागते."

"तो माह्या कोंबड्यांचा हाये," मावशी म्हणाल्या. "तुह्या कोंबड्यांचा येगळा लिहावा लागन. बस इथी."

त्यांनी पाटी पुसली, पेन्सिल घेतली आणि विचारले, "कोंबड्या किती? कुठी झोपतात?"